माळ तुटली म्हणून आजी जेवत नव्हत्या: नर्सिंगमध्ये अध्यात्म शिकवायचं म्हणजे काय

नाशिकच्या एका नर्सिंग कॉलेजात नुकत्याच क्लिनिकल इन्स्ट्रक्टर म्हणून लागलेल्या ताईंनी विचारलं आहे: "पहिल्या वर्षाला अध्यात्माचा घटक शिकवायचा आहे. वर्गात हिंदू, मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती, आदिवासी अशा सगळ्या घरांतली मुलं-मुली आहेत. धर्म न शिकवता अध्यात्म शिकवायचं कसं? वॉर्डात एकेका सिस्टरकडे वीस-वीस पेशंट असताना याला वेळ कुठून काढायचा? आणि गेल्या आठवड्यात कॅन्सर वॉर्डात एका बाईंनी माझ्या विद्यार्थिनीचा हात धरून विचारलं, 'माझ्याच वाट्याला हे का आलं गं?' ती रडत बाहेर आली. तिने काय म्हणायला हवं होतं?"

मी तीसेक वर्षं या कामात आहे. आधी फक्त वॉर्डात होते, नंतर वॉर्ड आणि वर्ग दोन्हीकडे. हा विषय मला ज्या दिवशी कळला तो दिवस सांगते, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, तिसऱ्या वर्षाला होते. स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डात त्र्यंबकजवळच्या एका खेड्यातल्या आजी आल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, न्यूमोनिया. रात्री कॅज्युअल्टीत धावपळीत त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ कापली गेली. कुणी मुद्दाम कापली नव्हती, ऑक्सिजनच्या मास्कच्या इलॅस्टिकमध्ये अडकत होती म्हणून कात्री लागली. मणी पाकिटात घालून नातेवाइकांच्या पिशवीत गेले. दोन दिवसांत ताप उतरला, श्वास सुधारला, पण आजी तोंडात काही घेईनात. चहासुद्धा नाही. विचारलं तर मान फिरवून भिंतीकडे बघत. चार्टवर आम्ही ओळीने 'खाणे नाकारते' लिहीत होतो. तिसऱ्या दिवशी राउंडला नाकातून नळी घालायची ऑर्डर झाली आणि मी ट्रे घेऊन निघाले. फरशी पुसणाऱ्या मावशींनी मला अडवलं. म्हणाल्या, "पोरी, तिच्या गळ्यात माळ न्हाई. माळकरी हाय ती. माळेबिगर खाईल व्हय?"

माझ्या स्वतःच्या आजोळी माळकरी माणसं होती. माळ तुटली की नवी घालेपर्यंत ती माणसं अन्नाला शिवत नाहीत, हे मी लहानपणापासून बघत आले होते. पण युनिफॉर्म घातल्यावर ते माझ्या डोक्यातून पुसून गेलं होतं. इन्चार्ज सिस्टरांनी ट्रे परत ठेवायला लावला. मुलाकडून मण्यांचं पाकीट मागवलं, टाके घालायचा काळा सिल्कचा दोरा काढला आणि ड्युटी टेबलावर बसून एकेक मणी ओवला. आजींनी माळ डोळ्यांना लावली, गळ्यात घातली, आणि तासाभराने चहा मागितला. नळी लागलीच नाही.

न्यूमोनिया अँटिबायोटिकनेच बरा झाला, त्यात मला शंका नाही. पण तीन दिवसांच्या त्या फाइलमध्ये तापमान, नाडी, इनटेक-आउटपुट सगळं बिनचूक होतं, आणि आजी का जेवत नाहीत हे कुठेच नव्हतं, कारण आम्ही विचारलंच नव्हतं. अध्यात्मिक शुश्रूषा म्हणजे मला एवढंच म्हणायचं आहे: विचारणं, ऐकणं, त्यावर काहीतरी करणं आणि ते लिहून ठेवणं. लघवीसाठी कॅथेटर घालण्यासारखंच हे कौशल्य आहे. त्याची पद्धत आहे, धोके आहेत, कधी करू नये याचे नियम आहेत. म्हणून ते शिकवता येतं.

आता शब्दाची अडचण. नाशकात 'अध्यात्म' म्हटलं की रामकुंड, काळाराम, त्र्यंबकेश्वर, सिंहस्थ, सप्ताह आणि पारायणं डोळ्यांपुढे येतात. मुलांच्याही येणार. पहिल्या तासाला तुम्ही हा शब्द जरा बाजूला ठेवा आणि त्यांना विचारा की माणूस कशाच्या आधारावर उभा असतो आणि आजारपणात त्यातलं काय हलतं. कुणी देव म्हणेल, कुणी आई म्हणेल, कुणी शेत म्हणेल. ही सगळी उत्तरं बरोबर आहेत. धर्म हा त्या आधारापैकी एक, बहुतेकांसाठी मोठा, पण प्रत्येकासाठी तोच असेल असं नाही.

नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका आमच्याकडे होते. यकृताचा आजार, शेवटचा टप्पा. पहिल्याच दिवशी म्हणाले, "सिस्टर, मी देव मानत नाही. तेवढं सोडून काय ते विचारा." मी विचारलं, "मग रात्री झोप लागत नाही तेव्हा काय आठवतं?" बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, धाकट्या मुलाशी दहा वर्षं बोललो नाही. त्यांची अध्यात्मिक गरज ती होती. आम्ही मुलाला फोन लावला, तो आला, दोघं फार काही बोलले नाहीत, मुलाने वडिलांची दाढी करून दिली. त्या रात्री झोपेच्या इंजेक्शनची गरज पडली नाही. एका पेशंटवरून मी नियम सांगत नाही. पण देव न मानणाऱ्या माणसाकडे हा रकाना रिकामा ठेवून पुढे जायचं नसतं, हे विद्यार्थ्यांना सांगायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

ही कल्पना बाहेरून आणून आपल्यावर लादली, असंही कुणी तुम्हाला स्टाफरूममध्ये म्हणेल. तसं नाही. आयुर्वेदाने चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे आपणच. त्याचे चार गुण सांगितले आहेत, शुश्रूषेचं ज्ञान, दक्षता, रोग्याबद्दल अनुराग आणि शुचिता. त्या काळात अनुराग हा गुण कौशल्याच्या बरोबरीने मोजला गेला, याचं मला फार मोल वाटतं. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला आणि त्याच साथीत 10 मार्चला त्या गेल्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना आपण दिव्यासाठी आठवतो. 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी परिचारिकांची शाळा काढली, आणि या कामाकडे त्या ईश्वराने दिलेलं काम म्हणून बघत. पण स्वच्छ हवा, सांडपाणी आणि मृत्यूचे आकडे यांत त्यांनी कधी कसर ठेवली नाही. वर्गात दोन्ही बाजू एकत्र सांगा. नुसती श्रद्धा सांगितली तर त्यांचं अर्धं काम झाकलं जातं.

आजच्या अर्थाने ज्यांनी हा विषय खाटेशी आणला त्या सिसिली सॉन्डर्स. आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, मग डॉक्टर. 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचं शुश्रूषागृह, सुरू केलं. 'समग्र वेदना' ही त्यांची मांडणी: दुखणं शरीराचं असतं, मनाचं असतं, घरादाराचं-पैशाचं असतं आणि जगण्याच्या अर्थाचंही असतं, आणि ही चारही एकमेकांत गुंतलेली असतात. मॉर्फिन पुरेसं देऊनही वेदनेचा आकडा खाली येत नसेल, तर उरलेल्या तिघांकडे बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2002 मध्ये पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेची, जी व्याख्या केली तिच्यात अध्यात्मिक त्रासाचा उल्लेख स्पष्ट आहे. आणि नर्सिंग डायग्नोसिसच्या, म्हणजे परिचारिकेने ओळखायच्या अडचणींच्या, यादीत 'स्पिरिच्युअल डिस्ट्रेस' (अध्यात्मिक त्रास) 1978 पासून आहे. तेव्हा केअर प्लॅनमध्ये हे लिहिणारी विद्यार्थिनी फालतू काहीतरी लिहिते आहे, असं कुणी म्हणालं तर तुम्ही तिच्या पाठीशी उभं राहा.

विचारायचं काय, ते मी सांगते. अमेरिकेतल्या डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांची 'फायका' नावाची प्रश्नावली 1990 च्या दशकातली आहे. श्रद्धा, तिचं महत्त्व, माणसाचा समुदाय आणि त्यानुसार आपण करायची कृती, असे तिचे चार भाग. भाषांतर करून विचारली की ती जनगणनेसारखी वाटते. माझे प्रश्न मी वॉर्डात घासून घासून असे केले आहेत. पहिला, "इथे ॲडमिट झाल्यापासून धीर कशाचा वाटतो?" दुसरा, "रोजचा काही नेम आहे का, जो इथे चुकतोय?" तिसरा, "कुणाला बोलवायचंय? कुणी येऊ नये असं वाटतं?" आणि शेवटी, "यात आम्ही काय करू?" या 'नेम' शब्दावर माझा फार भरवसा आहे. 'धर्म कोणता' विचारलं की माणूस सावध होतो. 'नेम' विचारलं की माळ, नमाज, बुद्धवंदना, संध्याकाळची मेणबत्ती, सूर्यास्तानंतर पाणी न पिणं, सकाळी गोठ्यात जाऊन गाईच्या पाठीवर हात फिरवणं, सगळं आपोआप बाहेर येतं.

हे विचारायला वेगळा वेळ लागत नाही. नियमाप्रमाणे शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी आणि साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक. प्रत्यक्षात किती असतात हे तुम्हीच लिहिलं आहे. म्हणून मी हे प्रश्न स्पंजिंग करताना, ड्रेसिंग सोडवताना, रात्री दहाच्या गोळ्या देताना विचारते. हात कामात असले की समोरचा माणूस मोकळा बोलतो. त्यातून एक ओळ मिळाली तरी ती ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला काम सोपवताना, सांगायची: "अकरा नंबरच्या काकांना संध्याकाळी सातनंतर पाणी चालत नाही, गोळ्यांची वेळ बदलून घ्या." जैन घरातला माणूस चौविहार पाळतो, हे पुढच्या सिस्टरला कळलं नाही तर रात्रीची गोळी उशीखाली जाते आणि सकाळी बीपी वाढलेलं दिसतं.

इथे एक गोष्ट फार गंभीरपणे शिकवा. रात्री दोनला पेशंट म्हणतो, "मला न्यायला आलेत." ऐकणाऱ्या विद्यार्थिनीला वाटतं, हा अध्यात्मिक अनुभव आहे. असेलही. पण आधी ऑक्सिजन सॅच्युरेशन बघा, शुगर बघा, लघवी तुंबली आहे का हात लावून बघा, सोडियमचा रिपोर्ट काढा, नवीन कोणतं औषध सुरू झालं ते बघा. डिलिरियमला, म्हणजे आजारामुळे अचानक आलेल्या भ्रमाला, अध्यात्म समजणं ही जीवघेणी चूक आहे. तसंच "आता जगून काय करायचं" हे वाक्य ऐकलं तर पुढचा प्रश्न टाळू नका: जीव द्यायचा विचार मनात येतो का, असं स्पष्ट विचारायचं आणि लगेच डॉक्टरांना कळवायचं. शरीर आणि मन तपासून झाल्यावर जे उरतं, त्याच्याशी या विषयाचं नातं आहे.

श्रद्धा आणि सुरक्षितता समोरासमोर आल्या की काय करायचं, हा भाग पुस्तकात कमी आणि वॉर्डात जास्त असतो. ऑपरेशनला जाताना मंगळसूत्र काढायला बाई तयार होत नाही. धातू अंगावर असताना कॉटरीने, म्हणजे ऑपरेशनमधल्या विजेच्या उपकरणाने, भाजू शकतं, एमआरआयला तर चालणारच नाही. "काढा, नियम आहे" म्हणून ओरडण्यापेक्षा हळकुंड बांधलेला पिवळा दोरा गळ्यात घालायला दिला की बाई स्वतःच्या हाताने मंगळसूत्र उतरवते आणि सासूच्या हातात देते. मी कपाटात हळकुंडं आणि सुताचं रीळ ठेवते.

जाणाऱ्या माणसाच्या तोंडात गोदावरीचं पाणी आणि तुळशीचं पान घालायचं असतं. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला चमच्याने पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जातं आणि शेवटचे तास घुसमटीचे होतात. बोळा भिजवून ओठांवर आणि जिभेच्या टोकावर फिरवू द्यायचा, पान ओठांवर ठेवू द्यायचं. घरच्यांचं समाधान पूर्ण होतं. ऑक्सिजन चालू असलेल्या खाटेजवळ मात्र निरांजन, उदबत्ती, कापूर यांना जागा नाही, कुणीही कितीही विनवलं तरी. देवाजवळचा दिवा घरी लावायला सांगायचं आणि तो लावला की फोन करायला सांगायचं.

प्रसूती वॉर्डात सिझेरियनच्या बायका पाचव्या दिवशी आमच्याकडेच असतात. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळावर लेख लिहिते, ही आपल्याकडची जुनी धारणा. आजी येताना कोरा कागद, पेन आणि विळा घेऊन येतात. कागद-पेन पाळण्याशी ठेवू देते, विळा परत पाठवते. नाळेला राख, हळद, तेल काहीही नको, नाळ कोरडी राहिली पाहिजे, यावर मी एक इंचही मागे हटत नाही. अंगारा असेल तर पुडीत बांधून पाळण्याला. इतकी वर्षं झाली, या तडजोडीवर एकाही आजीने भांडण केलेलं मला आठवत नाही, कारण आपण त्यांची गोष्ट फेकून दिली नाही हे त्यांना दिसतं.

उपासाचंही तेच. नवरात्रात नऊ दिवस उपास करून वणीला पायी निघणाऱ्या मधुमेही बाया दरवर्षी येतात, कधी शुगर उतरून, कधी साबुदाण्याने चढून. रागावलं तर पुढच्या वर्षी त्या लपवतात. "उपासाला काय खाता आणि गोळी कधी घेता" हे उपासाच्या आधीच विचारून डॉक्टरांशी त्यांची गाठ घालून द्यावी. मालेगावकडच्या डायबेटिसच्या पेशंटला रमजानच्या महिनाभर आधी हाच प्रश्न. आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे हे आपण सांगण्यापेक्षा त्यांच्या मौलानांनी सांगितलेलं मनाला पटतं, म्हणून घरच्यांना मौलानांशी बोलायला सुचवायचं.

पेठ, सुरगाणा, हरसूलकडचे पेशंट आले की दंडावर भगताचा धागा असतो. बीपीचा कफ दुसऱ्या दंडाला लावा, धाग्याला कात्री लावण्याचं काहीच कारण नसतं. साप चावलेल्या माणसाच्या पायाला आवळून बांधलेलं फडकं ही वेगळी गोष्ट. ते सोडायचंच असतं, पण सलाइन लागून प्रतिसर्पविष तयार असताना आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू. भगताकडे नेऊन उशीर झाला असेल तर नातेवाइकांना खाटेशी फैलावर घेऊन काही साधत नाही, तो वेळ पेशंटचा आहे. मात्र पेशंट स्थिर झाल्यावर घरच्यांना बसवून नीट सांगा. सर्पदंशात उपचाराला जाण्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगा. अध्यात्माचा आदर करायचा म्हणून इथे गप्प बसणारी परिचारिका आपलं काम करत नाही.

2015 च्या सिंहस्थात घाटाजवळच्या मदत केंद्रात ड्युटीला होते. परराज्यातले एक वृद्ध गृहस्थ छातीत कळा येऊन कोसळले. ईसीजी वाईट होता आणि ते ॲम्ब्युलन्समध्ये बसायला तयार नव्हते. स्नान झाल्याशिवाय हलणार नाही, मेलो तरी चालेल, असं म्हणत होते. वाद घालण्यात मिनिटं जात होती. आमच्यातल्या एका ब्रदरने, म्हणजे पुरुष नर्सने, पळत जाऊन बाटलीभर गोदावरीचं पाणी आणलं, त्यांच्या डोक्यावर आणि कपाळावर हाताने लावलं. ते हात जोडून म्हणाले, "हो गया," आणि स्ट्रेचरवर आडवे झाले. पुढचा सिंहस्थ 2027 चा आहे आणि तुमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण तेव्हा ड्युटीला असतील. त्यांना ही बाटली आधीच भरून ठेवायला सांगा.

आता मर्यादा. या विषयात सगळ्यात जास्त नुकसान आपल्याच माणसांकडून होतं. माझ्या ओळखीच्या एका वॉर्डात एक सिनिअर सिस्टर पेशंटला आपल्या गुरूंची पुस्तिका द्यायच्या. हेतू चांगला होता. पण खाटेवर पडलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, ज्या हातात त्याचं इंजेक्शन आहे त्या हाताला तो कसा नाकारणार? म्हणून माझा नियम कडक आहे: आपली श्रद्धा चेंजिंग रूमच्या लॉकरमध्ये ठेवायची. पेशंटने स्वतः विनंती केली तर त्याच्या प्रार्थनेच्या वेळी शांत उभं राहायचं, स्वतःची प्रार्थना पुढे करायची नाही. "देवावर भार टाका, सगळं ठीक होईल" हे आश्वासन द्यायचं नाही, कारण ते आपल्या हातात नाही. आणि 'कर्माचं फळ', 'मागच्या जन्मीचं' हे शब्द परिचारिकेच्या तोंडून कधीही यायचे नाहीत.

अंदाजही करायचा नाही. आडनाव वाचून धर्म ठरवणं आणि धर्मावरून गरज ठरवणं, दोन्ही चूक. एकदा एका विद्यार्थिनीने प्रेमाने एका बौद्ध आजोबांच्या कपाळाला देवीचा अंगारा लावला. आजोबांनी काही न बोलता तो पुसला. नंतर तिच्याशी बोलले आणि सांगितलं की त्यांचे वडील 1930 साली काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते, दार उघडलं नाही ते वडिलांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांचा आधार त्रिशरण-पंचशीलात होता. त्या मुलीने माफी मागितली आणि त्यांच्या नातीला फोनवर वंदना म्हणायला सांगितलं, फोन उशीशी ठेवला. याच गावात काहींना देवाच्या नावाने जखमा झाल्या आहेत. म्हणून आधी विचारायचं.

वर्गाबद्दल. 2021 च्या नव्या अभ्यासक्रमात नर्सिंग फाउंडेशनमध्ये हा घटक आला आहे, पण व्याख्यानाने तो पोचत नाही. मी पहिल्या दिवशी प्रत्येकाला स्वतःचा नेम लिहायला सांगते, वाचायला कुणी मागत नाही. मग वॉर्डात नेते. मी एका पेशंटशी बोलते, मुलं दोन पावलं मागे उभी राहून बघतात. पुढच्या दिवशी ती बोलतात, मी मागे उभी राहते. दुपारी पोस्ट कॉन्फरन्सला, म्हणजे वॉर्डातल्या कामानंतरच्या चर्चेला, बसून शब्दाला शब्द आठवतो: कुठे घाई केली, कुठे पेशंट बोलत असताना आपण विषय बदलला. मार्क देताना विद्यार्थ्याची श्रद्धा मोजत नाही. विचारलं का, ऐकलं का, कृती केली का, नोंद केली का, दुसऱ्या दिवशी परत जाऊन बघितलं का, एवढंच बघते. देव न मानणारे विद्यार्थी यात मागे पडत नाहीत. माझ्या सर्वांत चांगल्या दोन विद्यार्थिनींपैकी एक नास्तिक होती.

एक सकाळ मी मुलांना रामकुंडावर नेते. पूजेला नाही, दहाव्याला आलेली कुटुंबं बघायला. आपल्या वॉर्डातून गेलेल्या माणसाचं पुढे काय होतं हे त्यांना कळत नाही. पिंडाला कावळा शिवेपर्यंत ताटकळलेले चेहरे बघितले की शेवटच्या दिवशी ऐकलेल्या शब्दाचं वजन समजतं. दुसऱ्या सकाळी जुन्या नाशकातला बडी दर्गा, नाशिकरोडचं बाळ येशूचं मंदिर, त्रिरश्मी लेणी. तिथल्या माणसांना एकच विचारायला सांगते: "तुमच्या घरातलं कुणी दवाखान्यात शेवटच्या घटकेला असेल तर आम्ही काय केलेलं तुम्हाला आवडेल?" त्या उत्तरांची वही कॉलेजात आहे. खाट पश्चिमेकडे तोंड करून द्या आणि कानात कलमा म्हणू द्या, फादरना वेळेत बोलवा, शीख माणसाचा केस विचारल्याशिवाय कापू नका, आंघोळ घरच्यांना घालू द्या. आणि एका आजीने सांगितलं होतं, "मेल्यावर त्याला 'बॉडी' म्हणू नका, नाव घ्या." ते पान मी दरवर्षी वाचून दाखवते.

पहिला मृत्यू पाहिलेल्या विद्यार्थिनीला त्याच दिवशी कुणीतरी जवळ बसवलं पाहिजे. हे शिक्षिकेचं काम आहे, ते होस्टेलच्या मैत्रिणींवर सोडू नका. कोविडमध्ये आम्ही पीपीईच्या आतून किती जणांच्या कानाशी घरच्यांचा फोन धरला याची मोजदाद नाही, आणि त्यानंतर आमच्याशी बोलायला कुणी नव्हतं. आजही त्यातल्या काही जणी रात्रपाळी टाळतात. परिचारिकांसाठी ध्यानाचं शिबिर ठेवलं तर जरूर ठेवा, मीही जाते. पण थकव्याचं कारण कमी माणसं हे असेल तर माणसंच वाढवायला हवीत, आणि ते मागायला शिकवणं हाही मला याच विषयाचा भाग वाटतो.

राहिली तुमची ती विद्यार्थिनी. 'माझ्याच वाट्याला का' या प्रश्नाचं उत्तर तिला माहीत नव्हतं, मला आजही माहीत नाही. त्या बाईंनीही ते तिच्याकडे मागितलेलं नव्हतं. त्यांना कुणीतरी तो प्रश्न त्यांच्यासोबत धरायला हवा होता. डोळ्यांत पाणी आलं यात तिची चूक काहीच नाही. ती बाहेर गेली, एवढंच राहून गेलं, आणि ते भरून काढता येतं.

उद्या तिला घेऊन तुम्ही स्वतः त्या खाटेशी जा. स्टूल ओढून बसायचं, उभं राहायचं नाही. तिने म्हणायचं, "त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत आणि मी निघून गेले. मला उत्तर येत नव्हतं. पण तेव्हापासून मी त्याचा विचार करतेय." मग थांबायचं. बाई बोलल्या तर ऐकायचं. नाहीच बोलल्या तर त्यांच्या केसांना तेल लावायचं आहे का, ते विचारायचं.